नानाभाई मूस आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा

अलिबाग हे आपल्या जिल्ह्याचे ठाणे. बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन या बाजूची माणसे जिल्हा कचेरीच्या, कोर्टाच्या अथवा इस्पितळाच्या निमित्ताने तेथे वारंवार जातात. ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यातील गणपतीचे दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. त्याच गावात किनाऱ्याजवळ झाडांच्या सावलीत काही जुन्या, बैठ्या, गाजावाजा नसलेल्या इमारती आहेत. त्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ही चुंबकीय वेधशाळा होय. इ. स. १९०४ पासून येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची अहोरात्र नोंद घेतली जात आहे. ही वेधशाळा ज्यांच्या दूरदृष्टीने आपल्या जिल्ह्यात आली ते गृहस्थ म्हणजे नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. त्यांचे चरित्र आम्ही यंदा वाचकांस सादर करीत आहोत.

मूस हे आपल्या ज्ञातीचे नव्हत. ते मुंबईचे पारशी. स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे यावीत हा रिवाज योग्यच आहे. परंतु ज्यांचे काम आपल्याच जिल्ह्याच्या भूमीवर शतकाहून अधिक काळ उभे आहे, त्यांस एखाद्या वर्षी चार पाने दिली तर ज्ञातिबांधव आम्हांस बोल लावणार नाहीत असा भरवसा वाटतो. शिवाय या चरित्रातून एका अशा गोष्टीचा उलगडा होतो की जी आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी रोज अनुभवलेली आहे. दिवसा मुका असणारा दूरदेशीचा रेडिओ रात्री का बोलू लागे, आणि ऋतू पालटला म्हणजे त्याचा आवाज का पालटे, ही ती गोष्ट. तिच्याकडे पुढे येऊच.

प्रथम नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. मुंबईच्या दक्षिण टोकास एक कुलाबा आहे आणि अलिबागचा जलदुर्ग हाही कुलाबाच. आपला जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला, तोपर्यंत तोही कुलाबा जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. त्यामुळे जुन्या कागदांत कुलाबा वेधशाळा असे वाचले की आपल्याकडची माणसे ती अलिबागची समजतात. तसे नाही. मूळची कुलाबा वेधशाळा मुंबईची. ईस्ट इंडिया कंपनीने १८२३ ते १८२६ या काळात ती बांधली. उद्देश असा की बंदरात येणाऱ्या जहाजांस अचूक वेळ कळावी आणि तारकांचे वेध घ्यावेत. पुढे १८४१ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांनी तेथे चुंबकसूचीचे वेध सुरू केले आणि १८४६ पासून ते नियमित झाले.

या वेधशाळेशी मराठी माणसाचा संबंध पहिल्यापासून आहे. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तेथील कारभार पाहिला. अलिबागजवळच्या नागावात १८२५ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांस आपण केरूनाना म्हणून ओळखतो आणि जे पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू झाले, तेही तरुणपणी ऑर्लिबारसाहेबांच्या हाताखाली याच वेधशाळेत नोकरीस होते. नागावच्या मुलाने मुंबईस जाऊन ज्या सूचीकडे डोळे लावून बसावे, ती सूचीच साठ वर्षांनी नागावच्या शेजारी राहावयास यावी, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

ते वेध कसे घेत हे सांगितल्याविना मूस यांच्या कामाची किंमत कळणार नाही. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. टांगलेली सूची उत्तर-दक्षिण स्थिर राहते असे आपण शाळेत शिकतो व शिकवितो, पण ते स्थूलमानाने खरे आहे. बारकाईने पाहिले तर सूची कधीच स्थिर नसते. सूर्य उगवला की ती हळूहळू एका बाजूस सरकू लागते, दुपार टळली की परत फिरते, आणि रात्री जवळजवळ विसावते. पृथ्वीच्या चुंबकबलाचेही तसेच. आपल्याकडे या बलाचा आडवा भाग आजच्या मापाने ३८,००० नॅनोटेस्लाच्या आसपास आहे, आणि शांत दिवशी त्यात पडणारा फरक काही दशके एककांचा, म्हणजे हजारात एखादा भाग इतकाच. एवढा सूक्ष्म फरक टिपण्यासाठी टांगलेल्या चुंबकास आरसा लावीत आणि दुर्बिणीतून त्या आरशातील मापपट्टीचे आकडे वाचीत. हे काम दर तासाला, दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि आषाढातल्या पावसात. सूची अस्वस्थ दिसली तर दर पंधरा मिनिटांनी आणि कधी दर पाच मिनिटांनी आकडा लिहावयाचा. १८७० नंतर छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटविणारी यंत्रे आली, तोवर पाव शतक हा सर्व भार एतद्देशीय साहाय्यकांच्या डोळ्यांवर व बोटांवर होता.

नानाभाई मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी झाला. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. त्याच्या दोनच महिने आधी, १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी, सूर्यावर व पृथ्वीवर एक असा प्रकार घडला होता की ज्याचा हिशेब या बालकाने पुढे मोठेपणी जपून ठेवावयाचा होता. त्यांचे स्थापत्यशास्त्राचे शिक्षण पुण्यास झाले. पुढे ते स्कॉटलंडात एडिंबरो विद्यापीठात गेले व तेथून बी. एस्सी. होऊन परतले. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने कालांतराने त्यांस आपले सभासद करून घेतले. त्या काळी विलायतेहून शिकून आलेल्या हुशार पारशी तरुणास वकिली, व्यापार आणि सरकारी बांधकाम खाते हे राजमार्ग उघडे होते. मूस यांनी निवडलेल्या वाटेवर संपत्ती नव्हती आणि टाळ्याही नव्हत्या.

कुलाबा वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स हे १८६५ पासून त्या जागी होते. १८९६ मध्ये ते वारले व त्यांच्या जागी नानाभाई मूस आले. या वेधशाळेच्या संचालकपदी कायमचा नेमला गेलेला हा पहिला हिंदी मनुष्य. त्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला हे जुन्या लोकांकडून ऐकलेले कित्येकांस आठवत असेल. शहर ओस पडत होते, आपल्याकडचे चाकरमाने मिळेल त्या गलबताने गावी परतत होते. वेधशाळेतील नोंदी मात्र चालू राहिल्या. १८९९ मध्ये वेधशाळा मुंबई सरकारकडून हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याकडे गेली. भूकंपमापक यंत्रही त्यांच्याच कारकीर्दीत कुलाब्यास बसले.

मग ट्रामचा प्रश्न उभा राहिला. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम चालत असे. १९०० च्या सुमारास ती विजेवर चालवावी असे ठरू लागले. शहराच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होती; वेधशाळेच्या दृष्टीने तो मृत्युलेख होता. ट्रामला लागणारा विजेचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. रूळ जमिनीवरच असल्यामुळे प्रवाहाचा काही भाग गळून भुईत पसरतो. विजेचा प्रवाह जेथे असेल तेथे चुंबकत्व उत्पन्न होते हे विज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. प्रत्येक ट्राम निघाली की थरथर, थांबली की थरथर. ज्या सूचीने सूर्याचा इशारा टिपावयाचा ती ट्रामगाडीचे वेळापत्रक टिपू लागली असती.

युरोपातील कित्येक शहरांत असे झाले होते आणि तेथील नामांकित वेधशाळांना आपले चुंबक घेऊन दूर जावे लागले होते. मूस यांच्यापुढे खरा पेच स्थलांतराचा नव्हता. नवी जागा शोधून नवी यंत्रे बसविणे हे पैशांचे काम. सरकारने मनावर घेतले की होते. पेच असा होता की १८४६ पासून चालत आलेली साठ वर्षांची मालिका तुटता कामा नये. एका गावचे आकडे दुसऱ्या गावच्या आकड्यांस तसेच जोडता येत नाहीत, कारण जागा बदलली की खालचा खडक बदलतो आणि चुंबकबलाचा पायाच बदलतो. एका कुळाची जमाबंदी दुसऱ्याच्या खात्यात लिहावी तसा तो प्रकार होईल. मालिका तुटली तर मागच्या पिढ्यांनी रात्री जागून लिहिलेले आकडे निव्वळ जुनी रद्दी ठरले असते.

मूस यांनी अलिबागची निवड केली. मुंबईपासून समुद्रावरून हे अंतर सुमारे ३० किलोमीटर. अक्षांशात फारसा फरक नाही, हवामान तेच, आणि वीज किंवा लोहमार्ग यांचा त्या काळी मागमूस नव्हता. (रेल्वे तर तेथे अजूनही प्रवाशांस दिसत नाही, या एका बाबतीत आपल्या किनाऱ्याचे मागासलेपण विज्ञानाच्या उपयोगी पडले असे म्हणावे लागते!) इमारतीसाठी कोकणातला काळा दगड चालण्यासारखा नव्हता, कारण त्यात लोहाचा अंश असतो व तो स्वतःच थोडा चुंबक असतो. म्हणून पोरबंदरचा पांढरा दगड पारखून आणविला. लोखंड वर्ज्य, जेथे धातू लागेल तेथे तांबे व पितळ. थंडी-उन्हाचा परिणाम चुंबकांवर होऊ नये म्हणून यंत्रांच्या खोलीस दुहेरी भिंती केल्या. आपल्याकडचे लोक त्या वेळी जंजिऱ्याच्या नबाबाच्या अमलाखाली होते आणि अलिबाग इंग्रजी मुलखात होते. खाडीपलीकडे असे काही चालले आहे याची कल्पना आपल्या पणजोबांना असण्याचा संभव थोडाच.

१९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले. येथे मूस यांच्या मोठेपणाची खूण आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून त्यांनी कुलाबा बंद केला नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध चालू ठेवले. मुंबईची सूची आणि अलिबागची सूची यांच्यात किती फरक पडतो हे ऋतूऋतूंत पारखून घेतले, आणि तो फरक हाती आल्यावरच मुंबईचे चुंबकीय वेध थांबविले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. तोपर्यंत नानाभाईंची सूची पैलतीरी सुखरूप पोहोचली होती. ती ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागचे वेध मात्र पुढेही चालू राहिले.

स्थलांतर पार पडल्यावर मूस यांनी दुसरे मोठे काम हाती घेतले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे सर्व आकडे एकत्र करून, तपासून, महिन्यामहिन्याने मांडून त्यांनी १९१० मध्ये दोन भागांत ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या भागात यंत्रांची माहिती व आकडे, दुसऱ्यात त्या आकड्यांची चर्चा. गणनयंत्रे नसताना लाखो आकड्यांच्या बेरजा व सरासऱ्या काढणे म्हणजे काय हे ज्यांनी शाळेचा वार्षिक निकाल हाताने लावला आहे त्यांना थोडे तरी उमगेल. आम्हांस दोनशे मुलांच्या निकालास आठवडा पुरत नसे.

त्या चर्चेतील एक युक्ती जगभर गाजली. सूचीस कधी कधी वादळ होते, म्हणजे ती तासन्‌तास वेडीवाकडी हालते. प्रत्येक वादळ वेगळ्या घटिकेस सुरू होते, त्यामुळे घड्याळाप्रमाणे सरासरी काढली तर सर्व गुण-दोष एकमेकांत मिसळून जातात. मूस यांनी घड्याळ बाजूस ठेवले आणि वादळ सुरू झाल्या क्षणापासून तास मोजले. तापकऱ्याचा ताप कोणत्या तारखेस किती होता हे पाहण्याऐवजी, थंडी वाजून आल्यापासून कितव्या तासास किती होता हे वैद्याने पाहावे, तशी ही रीत. लगेच नियम दिसू लागला. आरंभी आडवे बल थोडे वाढते, मग अनेक तास खाली खाली जाते, आणि त्यानंतर सावकाश, दिवसांच्या हिशेबाने, पूर्वपदास येते. पुढे सिडनी चॅपमन या इंग्रज गणितज्ञाने हाच धागा पकडून चुंबकीय वादळांचे शास्त्र उभारले.

आता वाचक विचारतील की या सर्वांचा रेडिओशी संबंध काय. संबंध सख्ख्या भावंडांचा आहे. सूची रोज सूर्याबरोबर का डुलते याचे कारण भूगर्भात नसून आकाशात असावे, अशी शंका बाल्फर स्ट्यूअर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १८८२ मध्येच बोलून दाखविली होती. वरच्या अतिविरळ हवेत विजेचे प्रवाह वाहत असावेत, असा त्याचा तर्क. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पाठविला, तेव्हा पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून लहर गेली कशी असा प्रश्न पडला, आणि १९०२ मध्ये केनेली व हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे असे सुचविले की वर विद्युद्वाहक थर असला पाहिजे. १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटन याने इंग्लंडात त्या थराचा प्रत्यक्ष पुरावा दिला. सूची डुलविणारा प्रवाह सुमारे १०० ते १२० किलोमीटर उंचीवर याच प्रदेशात वाहतो. आपल्या देशात या विषयाचा पाया कलकत्त्याचे प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांनी घातला. वरच्या वातावरणावरील त्यांचा १९४७ चा ग्रंथ परदेशांतही प्रमाण मानला गेला.

या थराच्याही खाली, सुमारे ६० ते ९० किलोमीटरांवर, आणखी एक पातळ पदर आहे. सूर्याचे अतिनील व क्ष-किरण तेथील हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन मोकळे करतात. खालून आलेली रेडिओ-लहर या इलेक्ट्रॉनांना हालविते. तेथे हवा अजून बरीच दाट असल्यामुळे हालणारे इलेक्ट्रॉन शेजारच्या कणांवर आदळतात आणि लहरीने दिलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने तेथेच जिरते. यासच लहरीचे शोषण म्हणतात. वरचा थर लहर परत पाठविणारा, आणि खालचा पदर जाता-येता जकात घेणारा नाकेदार. सूर्य मावळला की खालच्या पदरातील इलेक्ट्रॉन लवकरच पुन्हा कणांस चिकटतात व नाका उठतो. म्हणून दिवसा मध्यम लहरींवरील दूरची केंद्रे ऐकू येत नाहीत आणि दिवेलागणीनंतर एकेक जागी होऊ लागतात. मुंबईचे केंद्र आपल्याकडे दिवसाही लागे त्याचे कारण वेगळे. ती लहर वर न जाता खाऱ्या पाण्याच्या पृष्ठावरून सरपटत येते आणि समुद्र हा विजेचा चांगला वाहक आहे.

लहर जितकी आखूड तितकी जकात कमी. कंपनसंख्या दुप्पट केली तर शोषण साधारण चौथाईवर येते. म्हणून लघुलहरींचा सिलोनचा रेडिओ इतक्या दुरून आपल्या ओटीपर्यंत पोहोचे. बुधवारी रात्री आठ वाजता गावातल्या ज्या एक-दोन घरी रेडिओ होता तेथे आम्ही मुले कशी जमत असू हे आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको.

आता ऋतूंचे पाहू. शोषण सूर्याच्या उंचीवर अवलंबून असल्यामुळे ते मध्यान्ही सर्वांत अधिक आणि उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा अधिक. पण सर्व देशांत हा फरक सारखा नाही. लंडनमध्ये २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो आणि जूनमध्ये ६२ अंश. बोर्ली पंचतनाचे अक्षांश सुमारे १८ असल्याने आपल्याकडे डिसेंबरातही तो ४८ अंशांपेक्षा वर असतो, आणि १२ मेच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या अखेरीस थेट डोक्यावर येतो. त्या दिवशी मध्यान्ही अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. मेमधील दिवस मुलांना दाखविण्यासारखा असतो, जुलैमधला ढगांत जातो. तेव्हा आपल्याकडे शोषणाचा ऋतुभेद आहे, पण विलायतेइतका तीव्र नाही. त्यातही पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याला सर्वांत जवळ असते व जुलैच्या मानाने सुमारे ७ टक्के अधिक प्रकाश घेते, त्याने आपला भेद आणखी थोडा बोथटतो.

पावसाळ्यात रेडिओ खरखरतो म्हणून ढग लहरी पितात असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. मृगाचे उंचात उंच ढगसुद्धा पंधरा-सोळा किलोमीटरांच्या वर क्वचितच जातात. शोषणाचा पदर त्याच्या चौपट उंचीवर आहे आणि त्यास खाली पाऊस पडतो की नाही याची वार्ताही नसते. खरखर आहे ती दूरच्या विजांची. हिवाळ्याच्या लांब रात्री विजा कमी, म्हणून आवाज स्वच्छ.

उत्तरेकडील थंड देशांत मात्र निसर्गाने एक गंमत करून ठेवली आहे. ॲपलटनने १९३७ मध्ये दाखविले की तेथे हिवाळ्यातील काही दिवशी शोषण सूर्याच्या उंचीवरून अपेक्षित असते त्याहून कितीतरी अधिक असते. सूर्य दुर्बळ आणि जकात दुप्पट! याचे कारण नंतर हळूहळू कळत गेले. हिवाळ्यात तेथील वरची हवा ढवळली जाते आणि इलेक्ट्रॉन सहज देणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू खालच्या पदरात उतरतो. आपल्या अक्षांशांवर हा प्रकार तसा जाणवत नाही. येथे सूर्याचेच राज्य आहे. हिंदुस्थानात शोषणाची मोजणी अहमदाबादेस भौतिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. के. आर. रामनाथन व डॉ. राजाराम भोंसले यांनी १९५० नंतरच्या दशकात केली. आकाशगंगेतून येणारा रेडिओ-गोंगाट २५ मेगासायकलवर ऐकत राहावयाचे आणि तो किती मंदावला यावरून वरच्या थरांनी किती गिळला हे काढावयाचे, अशी त्यांची रीत होती.

सूचीच्या दैनिक झोक्यातही ऋतुभेद दिसतो. तिचे पूर्व-पश्चिम डुलणे आपल्या गोलार्धात उन्हाळ्यात मोठे आणि हिवाळ्यात लहान असते. आणि सूर्यावरील डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राबरोबर ते वाढते व घटते. मूस यांच्या महिनावार कोष्टकांत हा सर्व जमाखर्च आहे. रेडिओचा जन्म होण्याआधीच्या अर्धशतकात वरच्या हवेची वर्षावर्षाची स्थिती काय होती हे आज ज्यास जाणावयाचे आहे त्यास अशाच कोष्टकांकडे वळावे लागते. त्या काळी आकाशाचा दुसरा साक्षीदार नव्हता.

सूर्यावर स्फोट झाला तर हे नाते एका क्षणात उघड होते. क्ष-किरणांचा लोट आठ मिनिटांत पृथ्वीवर येतो, खालच्या पदरात इलेक्ट्रॉनांची गर्दी होते आणि दिवसाच्या बाजूच्या गोलार्धावर लघुलहरींचा रेडिओ काही मिनिटे ते तासभर बुडतो. १९३० नंतर शास्त्रज्ञांच्या हे ध्यानात आले. नेमक्या त्याच क्षणी चुंबकीय वेधशाळेच्या रेघेवर एक लहानसा आकडा वळलेला दिसतो. तेथे रेडिओ मुका, येथे सूचीला आचका. दोघांना धक्का एकाच हाताचा.

मूस १९१९ पर्यंत या पदावर राहिले आणि निवृत्त झाले. ॲपलटनचा शोध, मुंबईचे १९२७ साली सुरू झालेले नभोवाणी केंद्र, हे सर्व त्यांच्या हयातीत घडले. १९३६ मध्ये ते वारले. पुढे १९७१ मध्ये कुलाबा व अलिबाग येथील कार्यातून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली. तिचे मुख्य ठाणे आता नवीन पनवेलला, म्हणजे पुन्हा आपल्याच जिल्ह्यात आहे.

राहता राहिली १८५९ ची गोष्ट. त्या वर्षी १ सप्टेंबरला रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदास सूर्याच्या डागांवर डोळे दिपविणारा प्रकाश दिसला. इंग्लंडच्या वेधशाळांतील रेघेवर त्याच वेळी आचका उमटला, आणि सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर असे वादळ आले की युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली व एरवी ध्रुवाकडे दिसणारा आकाशातील अरुणप्रकाश उष्ण प्रदेशांपर्यंत दिसला. अनेक ठिकाणी छायाचित्राच्या कागदाबाहेर रेघ निघून गेली, त्यामुळे वादळ नेमके किती मोठे होते हे कळेना. मुंबईच्या कुलाब्यास कागद नव्हता, माणसे होती. २ सप्टेंबरच्या सकाळी सूची बेफाम झाली तेव्हा त्यांनी दुर्बिणीस डोळा लावून पंधरा-पंधरा आणि पाच-पाच मिनिटांनी आकडे लिहिले. ते आकडे मूस यांच्या व्यवस्थेमुळे टिकले. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिका व ब्राझील येथील सहकाऱ्यांसह ते पुन्हा काढून तपासले, तेव्हा असे दिसले की मुंबईस आडवे बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळले होते. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज बंद पाडणाऱ्या वादळाचा जागतिक आकडा ५८९ होता. एका ठाण्याचे माप व जगाची सरासरी ही तंतोतंत एक नव्हेत, तरी यावरून अंदाज यावा. आज उपग्रह, विजेचे जाळे व विमानांचे दळणवळण यांचा बंदोबस्त करणारे लोक जगात कोठेही जास्तीत जास्त वाईट काय होऊ शकेल याचा विचार करू लागले की मुंबईच्या त्या सकाळचे ते आकडे पुढे घेतात.